थर्माकोल धरायचं काम

खिडकीपाशी पाटावर काळं कापड अंथरून विकायच्या मंगळसूत्रांचे फोटो सून काढायची. दागिन्यावर सारखा उजेड पडावा म्हणून शेजारी पांढरा थर्माकोल धरून उभं राहायचं काम सासऱ्यांचं, म्हणजे जगन्नाथरावांचं. रक्तातल्या साखरेमुळे गोड बंद झालेल्या जगन्नाथरावांना ते काम फार आवडे, कारण पाठीमागच्या फळीवरचा लाडवांचा डबा मोकळ्या हाताला अचूक लागायचा.

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं एक फोटो मोठा करून पाहिला. मंगळसूत्राच्या दोन लखलखीत वाट्यांत दोन जगन्नाथराव दिसत होते आणि दोघांच्याही तोंडात लाडू होता.

“तुमच्यासाठी मी सहा महिने गोडाला शिवले नाही,” ती म्हणाली. “उद्यापासून दोन्ही हातांनी धरायचं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं दोन्ही हातांनी थर्माकोल धरला. राखणीला बायको डब्याशेजारी खुर्ची टाकून बसली.

फोटो झाल्यावर त्यांनी सुनेचा फोन मागून घेतला आणि वाट्या मोठ्या करून पाहिल्या. दोन्हींत खुर्चीवर बायको होती, गाल टम्म फुगलेले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “उद्या तुझ्या सासूलाही एक थर्माकोल दे. दोन्ही हातांनी धरायला.”