शेवटचा कागद

चाळीस वर्षं आत्याचा फोटो स्टुडिओ एका लोखंडी एन्लार्जरवर, निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रावर, चालला. यंत्राने कधी दगा दिला नाही. थकले ते आत्याचे हात. म्हणून वर्षभर ती भाचीला डार्करूममध्ये फोटो छापायला शिकवत होती. आज बाहेर एक गवंडी बसला होता. त्याची बायको नुकतीच वारली होती आणि तिचा चेहरा फक्त इथल्या निगेटिव्हवर उरला होता. भाचीने दोन कागद वाया घालवले. दोन्हींवर चेहरा काळवंडला. एकच कागद शिल्लक होता. “दे, मी बघते,” आत्या म्हणाली. “नको आत्या, कुठे चुकतंय, कळलंय मला.” भाचीने एन्लार्जरचा दिवा लावला, चेहऱ्यावर उजेड कमी पडावा म्हणून तळहाताची सावली धरली आणि सातपर्यंत मोजलं. रसायनात कागदावर हळूहळू हसू उमटलं. गवंडी प्रिंटकडे बघत म्हणाला, “फोटो काढताना मीच हिला हसवलेलं.” आजवर प्रत्येक फोटोमागे स्वतःची सही करणाऱ्या आत्याने भाचीपुढे पेन सरकवलं. “मागे सही तूच कर.”