ब्लडी

बाबांच्या तोंडी सतत 'ब्लडी'. आमच्याकडे ओहायोत राहायला आले तरी तेच. ब्लडी स्नो, ब्लडी कॉलिंग कार्ड. "नातवासमोर शिव्या नकोत," आई दर वेळी करवादायची. "शिवी कसली? इंग्लिश आहे ते," बाबांचं ठरलेलं उत्तर.

फेब्रुवारीत बाबांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. काही आठवड्यांनी स्पीच थेरपिस्टनं पाण्याचा ग्लास दाखवून "हे काय?" विचारलं, तेव्हा ते स्पष्ट म्हणाले, "ब्लडी."

थेरपिस्ट मला बाजूला घेऊन म्हणाली, "याला बोलणं धरू नका. सगळे शब्द गेले तरी शिव्या तेवढ्या राहतात." मी आईला ते मराठीत सांगितलं.

आई बाबांची हनुवटी पुसत मला म्हणाली,



"तिला सांग, शिवी नाहीये ती. इंग्लिश आहे."