मंगळवारचा मका

फ्रीजरमधली मक्याची पाकिटं पुन्हा दोनानं कमी झाली होती. आण्णासाहेबांनी परत एकदा मोजली. काल सोळा होती, आज चौदा. आणि स्वयंपाक तर पिठल्याचा झाला होता.

"काय हुडकताय?" भाकरी थापता थापता द्वारकाबाईंनी विचारलं.

"मका कुणी नेला?"

"कोण कशाला नेतंय? झाकण लावा आधी, गारवा जातोय समदा."

मका घरचाच होता. गणपतीत अर्ध्या एकरातला स्वीट कॉर्न निघाला, तेव्हा सून अर्पितानं शंभरेक कणसं बाजूला काढली. दाणे सोडवायला आण्णासाहेबही बसले होते, अंगठा दुखेपर्यंत. तिनं दाणे उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवले, लगेच बर्फाच्या पाण्यात ओतले, जुन्या धोतरावर पसरून कोरडे केले आणि हवा दाबून पिशव्या बंद केल्या.

"असं केलं की थंडीतबी ताज्यासारखा लागतो, मामा," ती म्हणाली होती. "ह्यांना लई आवडतो. सुटीला आले की करीन."

'हे' म्हणजे रणधीर, आण्णासाहेबांचा एकुलता एक मुलगा. पुण्याच्या कंपनीत होता. दसऱ्याला एक रात्र राहून गेला, तो गेलाच. दिवाळीलासुद्धा त्याला सुटी मिळाली नाही. आणि त्याच्या नावानं ठेवलेला मका दर मंगळवारी घराबाहेर जात होता.

मंगळवारी अर्पिता धाराशिवला शिवणक्लासला जायची. दीड महिना होत आला, पण घरात उशीचा एक अभ्राही शिवून झाला नव्हता. आज सकाळी ती निघताना आण्णासाहेबांनी मुद्दामच तिची पिशवी उचलून दिली होती. तळाशी हाताला गार लागलं.

"एवढं गार काय हाय गं ह्यात?"

"पाण्याची बाटली, मामा." ती चपला घालत होती. तिनं वर बघितलं नाही.

जेवायला बसल्यावर ते बायकोला म्हणाले, "सुनंवर ध्यान ठेव जरा."

"पोर चांगली हाय. उगं तिच्या वाटंला जाऊ नका," द्वारकाबाई म्हणाल्या आणि ताक आणायला उठल्या. काय झालं, कशावरून म्हणता, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. आण्णासाहेबांना ते जास्तच खटकलं.

पुढच्या मंगळवारी तालुक्याचं काम सांगून ते अर्पिताच्या आधीच्या बसनं तेरहून निघाले. धाराशिवच्या स्टँडवर एका खांबाच्या आडोशाला बाकावर बसले. तिथं नेमका गावातला गोरोबा भेटला. त्याच्या मुलाची पुण्यातली नोकरी गेली होती. श्रावणात तो गावी परतला आणि आता भाजीचा गाडा लावत होता. तो परतला त्या आठवड्यात आण्णासाहेब आपल्या ओट्यावर चारचौघांत म्हणाले होते, "असलं तोंड घेऊन माझा पोरगा आला असता, तर म्या उंबरा चढू दिला नसता." अर्पिता तेव्हा सगळ्यांना चहा देत होती. ते बोलणं गोरोबाच्याही कानावर गेलंच असणार, पण तो कधी काही बोलला नव्हता.

"रणधीर कसा हाय, आण्णा?"

"साहेब हाय तो. त्याला कुठली सवड?"

गोरोबा त्यांच्याकडं बघत राहिला. "पोरं जवळ असली की बरं असतंय," एवढंच म्हणाला आणि लातूरच्या गाडीकडं निघाला. आण्णासाहेबांना त्याची कीव आली.

तेरची बस लागली. अर्पिता उतरली. शिवणक्लास चौकाकडं, आणि ही वळली मागच्या वस्तीकडं. पाय झपाझप, पदर डोक्यावर. आण्णासाहेब अंतर ठेवून चालत राहिले. धाप लागली तरी थांबले नाहीत.

एका अरुंद बोळात पत्र्याची खोली होती. बाहेर रिक्षा उभी. दोरीवर खाकी शर्ट वाळत होता. दाराशी पुरुषाच्या चपला. अर्पितानं कडी वाजवली नाही, हाकही मारली नाही. दार ढकलून सरळ आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आण्णासाहेब भिंतीला टेकले. आतून भांड्यांचा आवाज आला. मग फोडणीचा. बर्फ झालेले दाणे तापल्या तेलात पडले की चर्र होतं, तसं चर्र झालं. कांदा, येसूर मसाला, शेंगदाण्याचं कूट. वास सगळ्या बोळात पसरला. आणि मग अर्पिता हसली. घरात गेल्या तीन महिन्यांत ती अशी हसलेली त्यांनी ऐकली नव्हती.

पोराच्या तोंडचा घास, आणि भरवतीय कुणाला? एका रिक्षावाल्याला! लाथ घालून दार उघडावं, झिंज्या धरून तिला बाहेर ओढावं, असं क्षणभर वाटलं. पण नवरा तिचा जिता होता. काय करायचं ते त्यानं ठरवावं. पोराचा संसार मोडला तर मोडला, पण त्याला अंधारात ठेवायचं नाही.

त्यांनी फोन लावला.

बराच वेळ नुसतं वाजत राहिलं. आतलं हसणं थांबलं. कुणीतरी गॅस बंद केला असावा. चरचर बसली आणि खोली एकदम चिडीचूप झाली.

"बोला, आण्णा."

"रणधीर," ते दबक्या आवाजात म्हणाले. "बाबा, कुठं हायस तू?"

"हापिसात, आण्णा. पुण्यातच. जेवायची सुटी झालीय आत्ता."

आण्णासाहेबांनी फोन कानापासून हळूच बाजूला केला.

"आण्णा? ऐकू येतंय ना?" पत्र्याच्या दारामागून रणधीर विचारत होता.