माळावरची ताडपत्री

कुकटपल्लीच्या फ्लॅटला आणि शेजाऱ्यांना कंटाळलेला श्रीरंग बायकोला, मुक्ताला, घेऊन शहराबाहेरच्या ओसाड माळावर मुक्कामाला आला. तंबूसुद्धा नको, नुसती ताडपत्री पुरे, असा त्याचा हट्ट होता. दोन खडकांमध्ये दोरी बांधून त्याने ताडपत्री ताणली आणि टोकांना खुंट्या ठोकल्या. तेवढ्यात दोरी आणि खुंट्या बघून एक स्कूटरवाला थांबला.

"प्लॉटां काट रे क्या साब? गज का क्या रेट?"

"नहीं भाई, हम तो बस एक रात रुकने आए."

"समझ गया. अभी किसी को बोलना नक्को," असं म्हणत डोळा मारून तो गेला आणि भावाला, मेव्हण्याला घेऊन परत आला. संध्याकाळपर्यंत माळावर गाड्यांची रांग लागली. कुणी पावलांनी जमीन मोजत होतं, कुणी पूर्व कुठे ते विचारत होतं. सगळ्यांना नाही-नाही सांगून श्रीरंगचा घसा बसला.

मुक्ता वैतागली. "चल, आवरूया. इथे कसली आलीये शांतता!"

श्रीरंग गर्दीकडे बघत राहिला. मग तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एवढी माणसं उगाच येतात का? रेट वाढायच्या आत आपणही एक घेऊन टाकू."