फाटकाजवळचं पिवळं फूल

“अरे, मी इकडे आहे. वर बघ,” दारात उभी असलेली आई म्हणाली.

तो ओशाळला. फाटकातून आत पाऊल टाकल्या टाकल्या तो गुडघ्यांवर बसला होता. आईकडे पाहायचं राहूनच गेलं होतं.

“आलोच,” तो म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. बाहेरून एकच दिसणारं ते फूल म्हणजे इवल्या इवल्या फुलांची दाटी होती. पानाच्या पोटाला पांढरी लव. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती शोधत त्याने किती डोंगर पालथे घातले होते! ती अजून या भागात उगवते, असं तो एकटाच म्हणत होता; पुरावा कुठेच नव्हता. सहकारी तर आता त्याची चेष्टाच करायचे.

“फाटकापाशी काहीतरी पिवळं आलंय, येऊन बघ,” असं आई फोनवर म्हणाली होती. त्याने नुसतं हूं हूं केलं होतं. मग तिने शेजारच्या सुनेकडून फोटो पाठवला. तो दुसऱ्याच दिवशी निघाला.

“माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला रजा मिळत नव्हती,” आई हसत म्हणाली. “फुलाला मिळाली वाटतं?”

त्याचे कान तापले. तो घाईघाईने फुलाबद्दलच बोलू लागला.

“आई, हिचं बी वाऱ्यावर कुठेही जातं. रुजतंही. पण कोवळेपणी हिला पाय सोसत नाही. एकदा तुडवली की गेली. आणि फूल धरायला हिला तीन वर्षं लागतात. तीन वर्षं त्या जागेवर कुणी चाललेलं नसावं लागतं. म्हणून तर ती कड्याकपारीत शोधायची. इथे कशी आली तेच कळत नाही. ही तर येण्याजाण्याची वाट.”

“मी मागच्या दाराने जाते. बाजार, दवाखाना, शेजारपाजार, सगळं मागच्या गल्लीत.”

“मग इथून कोण येतं?”

“स्टँडवरून येणारं माणूस,” आई म्हणाली. “म्हणजे तू.”

त्याने भिंग खाली केलं. हळूहळू उभा राहिला. तेव्हा कुठे त्याला अंगण दिसलं. त्याच्या बुटांपासून आईच्या उंबऱ्यापर्यंत सगळी वाट पिवळीधमक झाली होती. पाऊल ठेवायला जागा नव्हती.

तो तसाच उभा राहिला. आईकडे बघण्याचं धाडस होईना.

“मागून वळसा घालून ये बाळा,” आई म्हणाली. “तुझी फुलं मोडतील.”