वरच्या हवेतली लंगडी

ऊन अंगाला घातक झाल्याचा लाल दिवा मैदानाच्या फाटकावर सकाळी आठलाच लागला आणि जिल्ह्याचे लंगडीचे सामने यंदाही रद्द झाले. निशिगंधाने गुडघ्याचा पट्टा सोडून व्हरांड्यात आपटला. पुढच्या वर्षी ती चौदा वर्षांखालच्या गटात बसणार नव्हती.

“सर, फ्रीजमधला तो ओझोन खाणारा वायू आईच्या लहानपणीच बंद केला ना? मग आम्हाला अजून कसली शिक्षा?”

निवृत्तीनंतरही मुलींना खेळ शिकवायला येणारे घोडके सर तिच्याशेजारी बसले. “बाळ, तो वायू खाली कुणाच्या वाटेला जात नाही. वर्षानुवर्षं रमतगमत वर चढतो. तिथल्या कडक उन्हात तो फुटतो आणि त्यातला क्लोरीन सुटतो. मग तो घालतो लंगडी. ओझोनचा एक गडी बाद केला की हा पुन्हा मोकळा, लगेच दुसऱ्याच्या मागे. आपल्याला उन्हापासून राखणारा ओझोन असा विरत जातो.”

“आणि त्याचा पाय कधीच टेकत नाही?”

“टेकतो ना. पण तोवर हजारो गडी बाद झालेले असतात. शिवाय खालून पुढचा भिडू वर पोचलेला असतो.”

“ही रांग संपणार कधी?”

सरांनी मनाशी हिशेब केला. “मी नसेन तेव्हा. तू असशील, माझ्या वयाची.”

“वा, सर! मग तेव्हा काय काठी घेऊन लंगडी घालू?”