विश्वासाच्या गळ्यातला हार

चमचा पुन्हा पेल्यावर आपटला.

"अहो, बघतेय ना!" बाई म्हणाल्या. "आता दोनच दुकानं उरलीत."

यजमानांनी पाटी पुढे ओढली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते कॉम्प्युटरवर टाइप करत आणि कॉम्प्युटर बोले. तीन दिवसांपूर्वी त्यातून जळका वास आला आणि घर मुकं झालं. आता बोलायला पाटी आणि हाक मारायला चमचा. त्यांनी खडूनं लिहिलं, "मला पसंत करायला तुला पाऊण तास पुरला होता."

"म्हणूनच आता घाई करत नाही."

दुरुस्तीवाला बाईंचाच जुना विद्यार्थी. त्यानं आडपडदा ठेवला नव्हता. "बाई, वीज पुरवणारा डबा गेलाय. एवढ्या जुन्या मॉडेलचा बाजारात नाही मिळायचा, ऑनलाइन मागवा. पण दुकान पारखून घ्या. नकली निघाला तर उरलेलंही जाळून टाकेल. आणि काकांचा तो बोलायचा प्रोग्राम नव्या मशीनवर चढणार नाही, आधीच सांगतो."

तो प्रोग्राम मुलानं बसवून दिला होता. रात्रंदिवस खपून त्यानं यंत्राला बाबांसाठी बोलायला शिकवलं होतं. पुढे कळलं, की कॉलेजला म्हणून रोज डबा घेऊन निघणाऱ्या या मुलाचं नाव कॉलेजातून वर्षापूर्वीच कमी झालंय. बाबांनी टाइप केलं, "तुझ्या शब्दावर माझा विश्वास उरला नाही." यंत्राला रागावता येत नाही. वेळापत्रक वाचावं तसं ते वाक्य त्यानं वाचून दाखवलं. मुलगा त्याच दिवशी घर सोडून गेला.

त्याला दोन वर्षं झाली. अधूनमधून आईला मेसेज येई. बरा आहे. लिखाणाचं काम मिळालंय. बाईंना त्यातही हसू येई. ज्याला जोडाक्षर धड जमलं नाही, तो लिखाणावर पोट भरतोय!

बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. पहिल्या दुकानात डबा महाग होता आणि यायला आठ दिवस लागणार होते. अभिप्राय जेमतेम पस्तीस, त्यांतही कुरकुर. खोका चेपलेला आला. फोन उशिरा उचलला. प्रत्येक तक्रारीखाली दुकानदाराचं उत्तर होतं, "चूक आमची. बदलून पाठवला." दुसऱ्या दुकानात तोच डबा निम्म्या किमतीत आणि उद्या सकाळी दारात. अभिप्राय सातशे. सगळ्यांचे पाचच्या पाच तारे.

चमचा वाजला. पाटीवर लिहिलं होतं, "उद्यावालं घे."

बाईंनाही तेच वाटत होतं. पाटीवर टोमणे सावकाश उमटत, तोवर त्यांची धार जाई. यजमानांची धार गेलेली त्यांना बघवत नव्हती. बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं.

बाईंचा एक नेम होता. रोज एक पान शुद्धलेखन. निवृत्त झाल्यावरही तो मोडला नव्हता. आजचं पान राहिलं होतं. जीव थाऱ्यावर यावा म्हणून त्यांनी वही उघडली आणि समोर होते ते अभिप्रायच उतरवायला घेतले. हातानं लिहिलं की डोळ्यांना नीट दिसतं, असं त्या वर्गात सांगत.

'निवृत्त बँक अधिकारी' म्हणत होते, "अत्यंत विश्वासहार्य दुकान." बाईंनी सवयीनं शब्दाभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला. 'एक गृहिणी' म्हणत होती, "मला तरी विश्वासहार्य वाटलं." आणखी एक गोल. मग 'गेमर भाऊ'. मग 'दोन मुलांचा बाबा'. पान लाल गोलांनी भरत गेलं. माणसं निरनिराळी, चूक एकच.

पेन्सिल थांबली.

सातवीचा वर्ग, तिसरा बाक, बाकावर आपलाच मुलगा. "अरे, विश्वासाच्या गळ्यात हार कशाला घातलास?" सगळा वर्ग हसला होता. तोही हसला होता. घरी आई आणि वर्गात बाई, दोघींनी मिळून शिकवूनही ती चूक काही सुटली नव्हती.

लिखाणाचं काम.

पाटीवर प्रश्न उमटला, "काय झालं?" बाईंनी नुसती वही पुढे सरकवली. यजमानांनी पहिला गोल पाहिला, दुसरा पाहिला. चमचा हातातच राहिला.

दुकानाच्या पानावर खाली चौकशीची चौकट होती. अभिप्राय लिहिणाराच तिथंही उत्तरं देत असेल, या आशेनं बाईंनी एकेक अक्षर जपून टाइप केलं. "शब्द विश्वासार्ह असा आहे. त्यात हार नाही. दहा वेळा लिहून काढ. आणि खरं सांग, बाबांच्या कॉम्प्युटरचा डबा तुमच्याकडून घेऊ का?"

"आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे," असं तत्काळ उत्तर आलं. ते यंत्राचं होतं. मग तीन टिंबं दिसली. नाचली, थांबली, नाहीशी झाली. पुन्हा आली.

"आई, इथून घेऊ नकोस. आमचं दुकान विश्वासार्ह नाही."

बाईंनी आधी तो शब्द तपासला. मग मोबाइल यजमानांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाटी बाहीनं स्वच्छ केली आणि खडू हातात घेतला.

"आठ दिवसवालं घे. थांबतो मी. पोराच्या शब्दावर."